हशाच्या रेघा

हे मी मराठीत लिहितेय याचं मुख्य कारण असं की त्याला मराठी येत नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्याने यातलंही काहीतरी उचललं असतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी आठवड्यातून चार तास, त्यामुळे कुठे शब्द अडला तर साधाच वापरेन.

२००४ साली मी लॉस एंजेलिसमध्ये एका ब्रिटिश निर्मात्याची असिस्टंट म्हणून लागले. तो टीव्हीसाठी विनोदी मालिका काढायचा. मी तेवीस वर्षांची होते. आठवीत असताना बाबांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून सांता क्लाराला आलो होतो. तिथल्या शाळेत पहिलं वर्षभर मी एकाही मुलीशी आपणहून बोलले नाही, आणि पुढेही त्यात फार सुधारणा झाली नाही. मला ऐकायला आवडायचं.

मुलाखतीत त्याने मला एका मालिकेची दोन पानं वाचायला दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी वाचून पानं परत दिली.

"आवडलं नाही?"

"आवडलं."

"मग हसली का नाहीस?"

"मनात हसले."

त्याने तिथल्या तिथे मला नोकरी दिली. या गावात प्रत्येक जण नोकरी टिकवायला हसतो, मला न हसणारं माणूस हवंय, असं म्हणाला. मला ते कौतुक वाटलं. आजवर न बोलण्याबद्दल कोणी मला काही दिलं नव्हतं.

त्याची सगळी कारकीर्द मला पाठ आहे, कारण प्रत्येक नव्या माणसासोबत जेवताना तो ती पहिल्यापासून सांगायचा आणि मी शेजारी वही घेऊन बसलेली असायचे. इंग्लंडच्या उत्तरेकडचं गाव, वडील बस कंडक्टर. सोळाव्या वर्षी लंडनला रेडिओत चहा द्यायला लागला. चहा देता देता त्याने एका लेखकाचा फसलेला विनोद दुरुस्त केला, मग हळूहळू टीव्हीत गेला, आणि तिशीत एका लहान गावातल्या वाचनालयावर मालिका काढली. ती तुफान चालली. अजूनही तिकडे लोक तिच्यातली वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवतात. त्यानंतर त्याने तीन मालिका काढल्या. त्यांच्याबद्दल तो जेवताना बोलायचा नाही. तिन्ही पडल्या होत्या, हे मला त्याच्या फायलींवरून कळलं. आता पन्नाशी उलटल्यावर त्याच वाचनालयाची अमेरिकन आवृत्ती काढायला तो इथे आला होता. आधी एक नमुन्याचा भाग, म्हणजे पायलट. चॅनलला तो आवडला तर मालिका, नाहीतर घरी.

माझं खरं काम टेबल रीडला असायचं. सगळे नट लांब टेबलाभोवती बसून भाग वाचतात, लेखक आणि चॅनलचे लोक ऐकतात. मी कोपऱ्यात स्क्रिप्ट आणि पेन्सिल घेऊन बसायचे. नटांकडे बघायचं नाही, खोलीकडे कान द्यायचा. एखाद्या वाक्याला नुसतं हसू आलं तर एक रेघ, आवाज करून हसले तर दोन, शांतता असेल तर फुली. आणि हसणं खोटं वाटलं तर रेघांभोवती गोल. ही गोलाची पद्धत त्याची स्वतःची होती. चॅनलच्या लोकांमुळे माझ्या पानांवर गोलच गोल असायचे. दुपारी तो ती पानं घेऊन बसायचा आणि गोलवाले विनोद एकेक करून काढून टाकायचा. लेखक चिडायचे. "त्या पोरीच्या पेन्सिलीवर चालणार आहे का आपलं सगळं?" एक जण माझ्यासमोरच म्हणाला. "हो," तो म्हणाला. तो स्वतः कधीच हसायचा नाही. चांगला विनोद ऐकला की फक्त मान हलवायचा, डॉक्टर रिपोर्ट बघून हलवतात तशी.

लेखक चौघे होते, चौघेही पुरुष. त्यांची कामाची रीत मला आधी विचित्र वाटली. जेवताना जो तो आपल्या घरचं काढायचा. एकाच्या आईचे तीन घटस्फोट, एकाचा मामा तुरुंगात. जे सगळ्यात लाजिरवाणं ते सगळ्यात चांगलं. चार महिने मी शेजारी बसून सॅलड खाल्लं. मग एकाने विचारलं, "यार, तू पण सांग ना काहीतरी." यार हा शब्द त्याला मीच चुकून शिकवला होता.

माझ्या फोनमध्ये बाबांचा निरोप होता. मी तो स्पीकरवर लावला.

बाबा फोनवर साधं बोलतात, पण मशीनवर निरोप ठेवायचा झाला की ऑफिसच्या पत्रासारखं बोलतात, आणि तेही इंग्रजीत, कारण यंत्र अमेरिकन आहे. "गुड आफ्टरनून. मी तुझा बाबा बोलतोय. आज मंगळवार. काळजीचं काहीही कारण नाही. पुन्हा सांगतो, काळजीचं काहीही कारण नाही. मुद्दा पहिला, तुझ्या आईने लाडू कुरिअर केलेत. मुद्दा दुसरा, गाडीचं ऑइल बदललंस का? मुद्दा तिसरा, मुद्दा तिसरा आठवल्यावर कळवीन. निरोप संपला."

चौघे टेबलावर डोकं ठेवून हसले. दोन रेघा, बिनगोलाच्या. दारात तो उभा होता, त्याने मान हलवली. मला फार बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. मी खोलीला हसवलं होतं आणि त्यासाठी मला तोंडही उघडावं लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नवी स्क्रिप्ट आली. वाचनालयात आता एक मुकी-मुकी भारतीय मुलगी कामाला होती. ती काही बोलत नाही. तिचे वडील वाचनालयाच्या मशीनवर निरोप ठेवतात आणि ते सगळ्यांना मोठ्याने ऐकू येतात. मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा. लेखकांनी ती आपसात वाचून बघितली तेव्हा मीच त्यावर दोन-दोन रेघा मारल्या.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. "काय गं, कुठवर आलं तुमचं? मराठी मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. लागेल तेव्हा आमच्याकडेच सगळे. प्रोजेक्टर पण अरेंज केलाय."

"बाबा, अजून काही नक्की नाही."

"अगं, होईल नक्की. तुझी आई तीस जणांचा मेनू ठरवतेय."

तीस जण. त्यातले निम्मे बाबांच्याच कंपनीतले, त्यांच्याहून तरुण, त्यांना काका म्हणणारे. आमच्या दिवाणखान्यात पडद्यावर बाबांचा आवाज काढणार कोणीतरी, आणि बाबा पहिल्या खुर्चीवर बसून तो ओळखणार. मला तो क्षण स्वच्छ दिसायला लागला. ते हसतील, इतरांना अवघड वाटू नये म्हणून. आणि त्यानंतर माझ्या फोनवर कधीच निरोप ठेवणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या केबिनमध्ये गेले. आपणहून गेलेली ती पहिलीच वेळ.

"ते वडिलांचं काढता येईल का?"

"का? तुझ्याच रेघा आहेत त्यावर. दोन-दोन."

"ते माझे बाबा आहेत."

"आता नाहीत. आता ते पात्र आहे."

मग मी एक चूक केली. मला वाटलं, खरं कारण सांगितलं तर त्याला कळेल. मी त्याला सांगितलं, की बाबा 'काळजीचं कारण नाही' असं दोनदा का म्हणतात. आम्ही अमेरिकेत नवे असताना बाबांचा धाकटा भाऊ पुण्यात अचानक गेला. कळवायला शेजाऱ्यांनी फोन केला, घरी कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी मशीनवर निरोप ठेवला. बाबा ऑफिसातून आले, एका हातात केळं होतं, दुसऱ्या हाताने बटण दाबलं. आधी हवापाणी, मग सगळ्यांची चौकशी, मग ते. तेव्हापासून बाबांचा प्रत्येक निरोप तसा सुरू होतो.

तो शांतपणे ऐकत होता. मध्ये त्याने डोळे मिटले. त्याचं मन हललं असं मला वाटलं. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाला.

सोमवारी नव्या स्क्रिप्टमध्ये वडील म्हणत होते: "काळजीचं काहीही कारण नाही. मुद्दा पहिला, इथे हवा छान आहे. मुद्दा दुसरा, केळी स्वस्त झाली. मुद्दा तिसरा, तुझे काका वारले."

वाईट याचं वाटलं, की ते चांगलं होतं. कुठे थांबायचं हे त्याला बरोबर कळलं होतं. बाथरूममध्ये जाऊन मी नळ सोडून उभी राहिले, आणि तिथे मी ठरवलं की याची फेड करायची. माझ्या आयुष्यात तोवर मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. चिंतायला लागल्यावर कळलं, त्यात मन खूप छान लागतं.

पहिला प्रयत्न बाळबोध होता. टेबल रीडला वडिलांचं काम एका नटाने केलं. न्यू जर्सीत जन्मलेला, घरी गुजराती, एरवी माझ्यासारखंच इंग्रजी बोलणारा. वाचताना त्याने असा काही हेल काढला की मी पानाकडेच बघत राहिले. खोली हसली, आणि मी तिन्ही मुद्द्यांपुढे फुल्या मारल्या. नंतर तो नट माझ्याजवळ आला. "खरंच असं बोलतात तुझे डॅड?"

"नाही."

"वाटलंच," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

निर्मात्याने माझी पानं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. "तुझी पेन्सिल पहिल्यांदाच खोटं बोललीय."

मी पेन्सिल कानामागे खोचली.

"म्हणजे तुला लागलंय. लागतंय म्हणजे आत काहीतरी आहे. चॅनलला पण हाच माणूस आवडलाय, त्यांना तो प्रत्यक्ष हवाय, नुसता आवाज नको. त्याचे दोन प्रवेश तू लिही. लेखक म्हणून नाव लावतो तुझं." हे तो खरोखर उदारपणे म्हणाला. "तो घरी कसा असतो, कशाला घाबरतो, सगळं दे. हातचं राखू नकोस."

मी दोन दिवसांची मुदत मागितली.

आता त्याच्याबद्दल मला काय काय माहीत होतं ते सांगते. वर्षभर मी त्याची गाडी चालवत होते, कारण त्याला गाडी चालवता यायची नाही. लॉस एंजेलिसमध्ये हे कोणाला सांगायची सोय नाही. म्हणून तो मागे बसायचा आणि 'प्रवासात मला वाचायचं असतं' असं सांगायचा. तो वाचायचा नाही. मीटिंगमध्ये सहज सुचल्यासारखे करायचे विनोद तो मागच्या सीटवर तालीम करून घ्यायचा, त्यातल्या अडखळण्यासकट. "म्हणजे... कसं सांगू..." हे तो चार-चार वेळा म्हणून बघायचा.

आणि दर बुधवारी सकाळी तो आईला फोन लावायला सांगायचा. ती तिकडे एका वृद्धाश्रमात होती. मी नंबर फिरवून तिच्याशी दोन शब्द बोलायचे आणि फोन आत द्यायचे. दार तो नीट लावायचा नाही. आईला तो सांगायचा, की मालिका कधीच सुरू झालीय, अख्खी अमेरिका बघतेय. "मला इथे डोक्यावर घेतलंय गं सगळ्यांनी." ती विचारायची या आठवड्यात काय दाखवलं, आणि हा जागच्या जागी एक अख्खा भाग रचून सांगायचा. त्याचे सगळ्यात चांगले भाग ते होते. ते कोणी लिहून घेतले नाहीत, माझ्याशिवाय.

मी दोन प्रवेश लिहिले. वडील मागच्या सीटवर बसतात, कारण त्यांना गाडी येत नाही आणि ते कोणाला कळू द्यायचं नाही. मुलगी गाडी चालवते, ते मागे ऑफिसात करायच्या विनोदाची तालीम करतात, अडखळण्यासकट. दुसऱ्या प्रवेशात ते भारतातल्या म्हाताऱ्या आईला फोन करतात आणि आपण कंपनीचे मोठे साहेब झालो असं सांगतात. आई विचारते, आज ऑफिसात काय केलंस? मग ते रचतात. शेवटी: मला इथे डोक्यावर घेतलंय गं सगळ्यांनी.

बाबांना गाडी उत्तम येते. पुण्यात असताना तर ते मेटाडोर चालवायचे. आणि विनोद ते कधीच करत नाहीत.

त्याने माझ्यासमोरच वाचलं. दुसऱ्या पानावर तो हसला. आवाज करून हसला, खांदे हलेपर्यंत. मी बघतच राहिले. दोन रेघा. "बापरे, काय माणूस आहे हा!" तो म्हणाला. "केविलवाणा. याचा एक शब्द बदलायचा नाही." मग म्हणाला, "सॉरी हं, तुझे वडील आहेत ते."

"चालेल," मी म्हणाले.

माणसं हसवून पोट भरणाऱ्याला, इतरांच्या घरातलं सगळं दिसणाऱ्याला, स्वतःची पाठ ओळखू आली नाही. मला ती भीती होती की तो ओळखेल. तो ओळखणार नाही हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

टेबल रीड गुरुवारी होतं. चॅनलचे पाच जण आले होते. गाडीचा प्रवेश सुरू झाला. न्यू जर्सीच्या नटाने 'म्हणजे... कसं सांगू...' असं दुसऱ्यांदा म्हटलं आणि लेखकांपैकी एक जण खोकला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा दुसऱ्याने तोंडावर स्क्रिप्ट धरली. त्यांच्यातल्या प्रत्येकाने ते अडखळणं मीटिंगमध्ये दहा वेळा ऐकलं होतं. मग चौघेही हसत सुटले, आणि चॅनलची एक बाई, जी आदल्याच आठवड्यात आमच्या गाडीत पुढे बसली होती, ती मागे वळून त्याच्याकडे बघून हसली. तिला ते त्यानेच मुद्दाम स्वतःवर लिहिलंय असं वाटलं. "ब्रेव्ह," ती म्हणाली.

तेव्हा त्याला कळलं. आधी कान लाल झाले. मी कोपऱ्यात रेघा मारत होते. दोन, दोन, दोन. एकही गोल नाही.

फोनचा प्रवेश यायचा होता. त्याने पान उलटून पुढचं बघितलं, आणि हात वर केला. "इथे थांबू या," म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. "पुढचं अजून कच्चं आहे."

केबिनमध्ये त्याने दार लावून घेतलं, या वेळी नीट.

"आईचं तू ऐकत होतीस."

"तुम्ही दार लावत नव्हता."

"ती रोज टीव्ही लावून बसते गं. इंग्लंडमध्ये आज ना उद्या हे दाखवतील आणि—" तो थांबला. पुढचं त्याला दिसत असावं. पहिली खुर्ची, पडदा. मला ते सगळं पाठ होतं.

मला वाटलं होतं मी काहीतरी बोलेन. दोन रात्री जागून वाक्यं जुळवली होती. पण त्याचा चेहरा बघून मला बोलायची गरजच वाटली नाही. मी उभी राहिले आणि पुरेपूर बघून घेतलं.

"हे कोणाकडे आहे अजून?"

"टेबलावरच्या सगळ्या प्रती मी गोळा केल्यात."

"काढून टाक. दोन्ही प्रवेश."

"आणि निरोप?" मी विचारलं. "काकांचा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. सौदा काय आहे ते त्याला समजलं. माणूस हुशार होता.

"तो बापच काढून टाक," तो म्हणाला. "अख्खा."

त्याच दुपारी मी कॉम्प्युटरवर बसून बाबांना पानापानांतून पुसून काढलं. मुकी मुलगी राहिली, पण तिला आता काही काम उरलं नाही. पायलट शूट झाला. चॅनलने विचारलं, त्या वडिलांचं काय झालं? तो म्हणाला, जमत नव्हतं. महिन्याभरात कळलं की चॅनल मालिका घेणार नाही. तो इंग्लंडला परत गेला. एअरपोर्टला मीच सोडलं. पूर्ण वाटेत तो मागे खिडकीबाहेर बघत होता. उतरताना म्हणाला, "तू चांगली लिहितेस," आणि बॅग घेऊन गेला. पुढे त्याने काही काढल्याचं ऐकलं नाही. मी अधूनमधून शोधते. मला वाईट वाटतं का, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर नाही असंच आहे.

मालिका होणार नाही हे बाबांनी मंडळात स्वतःच सांगितलं, पण आईचा मेनू ठरलेला होता, म्हणून सगळे तरीही जेवायला आले. मी त्या शनिवारी घरी गेले होते. जेवण झाल्यावर समोरच्या काकूंनी विचारलं, "काय गं, होता तरी कसा तो तुझा साहेब?"

एरवी मी 'बरा होता' म्हणून ताटं उचलली असती. त्या दिवशी मी सोफ्याच्या हातावर बसले आणि त्याला करून दाखवला. मागची सीट, तालीम, 'म्हणजे... कसं सांगू...'. मराठीत तो आणखीच वाईट दिसत होता. काका लोक मांड्यांवर थापा मारायला लागले. "अरे, माझा मॅनेजर पण सेम!" कोणीतरी ओरडलं. आईने पदर तोंडाला लावला. त्याच्या आईचंही मी सांगितलं. तिथे थांबायला हवं होतं, पण खोली हातात असताना थांबता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. बाबा तर चष्मा काढून डोळे पुसत होते.

"आणि आमचं काय होतं गं त्यात?" त्यांनी हसत हसतच विचारलं. "तुझे ते लेखक लोक घरचं सांगायचे म्हणालीस. तू माझं काय सांगितलंस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तुमचं काही नाही, बाबा."

"काहीच नाही?"

त्यांनी चष्मा परत लावला. ओठांवर हसू होतंच, पण आतलं निघून गेलं होतं. वर्षभर ते लोकांना सांगत होते. आपण कुठेतरी असू असं त्यांना वाटलं असणार, एखाद्या वाक्यात तरी.

"हिचा बाप म्हणजे अगदीच बोअर माणूस," ते काकूंना म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले.

मी ते हसणं ऐकलं. खरं होतं. मी ताटं गोळा करायला उठले.